चारशे सतराची पाळी

माणसं खोटं बोलतील, पण डेटाबेस बोलणार नाही, असं तिचं ठाम मत होतं. असायचंच. पाच वर्षं तो डेटाबेस तिनेच सांभाळला होता, आणि आपलं लेकरू कुणाला कधी लबाड वाटलंय?

कारखाना रंगाचा होता. रंगाला लागणारी राळ मोठाल्या बंद टाक्यांत रात्रंदिवस शिजायची, आणि टाक्यांना जागोजागी बसवलेले साडेअकराशे सेन्सर दर मिनिटाला आपापला आकडा पाठवायचे. तापमान इतकं, दाब इतका, पातळी इतकी. हे आकडे डेटाबेसच्या टेबलांत ओळीमागून ओळ जाऊन बसायचे. ती एसक्यूएल या संगणकी भाषेत त्यांना प्रश्न विचारायची, म्हणजे क्वेरी चालवायची, ते निमूट उत्तर द्यायचे, आणि सकाळी साडेआठला मोठ्या साहेबांसमोर चार पानांचा रिपोर्ट ठेवला जायचा. सगळा कारखाना तिला रिपोर्टवाल्या मॅडम म्हणायचा. घरी ती ताई होती.

साडेअकराशे आकडे वायरीतून यायचे, एक मात्र माणसाच्या पायांनी यायचा. सात नंबरच्या टाकीमागे, टाकी आणि भिंत यांच्यामधल्या बोळात, दाबाचा एक जुना गोल मीटर होता. टाकीतली वाफ त्याच बाजूला कोंडायची, म्हणून तो आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तिथवर वायर न्यायची तर टाकी पंधरा दिवस थंड ठेवावी लागली असती, म्हणून दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" व्हायचं. तेव्हा दर दोन तासांनी पाळीवरच्या ऑपरेटरने दोन लोखंडी जिने चढायचे, बोळात शिरायचं, काटा बघायचा, आणि खाली येऊन स्क्रीनवर स्वतःचा नंबर टाकून आकडा भरायचा. कारखान्यात दाब किलोत सांगतात. सातची टाकी तीन-साडेतीन किलोवर खुशीत असायची. साडेपाचच्या वर ती गेली तर भल्याभल्यांना घाम फुटला असता, आणि सहाला झाकणाने जागा सोडली असती. मग बाजूला कोण कोण उभं होतं ते हजेरीपटावरून शोधावं लागलं असतं.

आता दर दोन तासांनी दोन जिने कोण चढतो! बहुतेक ऑपरेटर खुर्चीतूनच "तीन पूर्णांक दोन" भरून मोकळे व्हायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. रिपोर्टात तीन पूर्णांक दोनची रांग दिसली की ती डोळ्यांवर कातडं ओढायची. टेबलाला आकडा मिळाला की झालं. तो जिन्यावरून आला की खुर्चीवरून, असा रकाना तिने केलाच नव्हता.

एकच माणूस तीस वर्षं न चुकता चढला. नंबर चारशे सतरा. तिचे बाबा. चौदा महिन्यांपूर्वी दुपारी दोनच्या रीडिंगला जाताना ते दुसऱ्या जिन्यावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं होतं. निवृत्तीला तीन महिने उरले होते. पुढे त्यांच्या जागी कंपनीने तिच्या धाकट्या भावाला घेतलं, त्याच सातच्या टाकीवर. त्याचा नंबर पाचशे त्र्याऐंशी.

एका मंगळवारी मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं.

"मॅडम, हा चारशे सतरा कोण?"

"माझे वडील, सर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हो, हो. चुकलंच माझं. मला विचारायचं होतं, तो नंबर आता कोण वापरतं? गेले दोन महिने सातच्या टाकीची बरीच रीडिंग त्या नंबरावर आहेत. परवा तपासणीवाले येतायत. मेलेला माणूस दाब मोजतोय असं त्यांना दिसलं, तर ते आपल्यालाच त्या टाकीत शिजवतील. बंद करून टाका."

खुर्चीवर येऊन तिने क्वेरी चालवली. चारशे सतराच्या नोंदी पहिल्या पाळीतल्या होत्या. आठ, दहा, बारा, दोन. आकडे दोन पूर्णांक नऊ, तीन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक एक. म्हणजे कुणीतरी खरंच जाऊन बघितलेले. पहिल्या पाळीला सातवर धाकटा असायचा.

संध्याकाळी धाकटा गणवेशाला इस्त्री करत होता. आई आतल्या खोलीत होती, म्हणून तिने आवाज दाबूनच विचारलं, "बाबांचा नंबर तू टाकतोस?"

इस्त्री थांबली. "कुणी सांगितलं तुला?"

"चोराच्या मनात चांदणं! पासवर्ड कुठून आणलास?"

"आणायला कशाला पाहिजे? तुझं नाव आणि पुढे एक-दोन-तीन."

तिला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. मग ती म्हणाली, "अरे पण का? तुला तुझा नंबर आहे ना?"

"आहे की. पण माझ्या नंबरावर मी खुर्चीतून भरतो, ताई. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? सगळेच भरतात. एकदा सहज गंमत म्हणून बाबांचा नंबर टाकला, तर तीन पूर्णांक दोन लिहायला बोटच रेटेना. उठलो, वर गेलो, काटा बघितला, मग भरलं. तेव्हापासून आळस आला की त्यांचा नंबर टाकतो. लाजेकाजेस्तव चढणं तरी होतं."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीही आलं. "उद्या मी तो नंबर बंद करतेय. आता स्वतःच्या नंबरावर चढायला शीक."

"चढेन की. मी काय म्हातारा झालोय?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर तिने कामगारांच्या टेबलात चारशे सतरापुढचं "चालू" काढून "बंद" लिहिलं. एका ओळीचं काम. पण बाबांना पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं तिला वाटलं, आणि त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

इथे तिच्या दोन नियमांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. पहिला नियम असा की एका वेळच्या रीडिंगला दोन नोंदी आल्या, तर नंतर आलेली ठेवायची आणि आधीची पुसायची. माणूस चुकून भरतो, मग सुधारतो, म्हणून हा नियम. दुसरा असा की बंद नंबराची नोंद आली तर ती मुख्य टेबलात घ्यायची नाही, पण फेकायचीही नाही. बाजूच्या एका टेबलात टाकायची. ऑफिसात त्या टेबलाला उकिरडा म्हणत. आठवड्यातून एकदा ती उकिरडा साफ करायची. त्यात दहा-पंधरा ओळी असायच्या, कुणीतरी सोडून गेलेल्याचा नंबर चुकून दाबलेला, एवढंच.

तपासणीवाले आले, बिस्किटं खाल्ली, सह्या करून गेले. पुढच्या गुरुवारी, नंबर बंद केल्याला आठ दिवस झाले तेव्हा, दुपारी सव्वाबाराला तिने उकिरडा उघडला. शहाण्णव ओळी होत्या. सगळ्या चारशे सतराच्या.

आधी तिला धाकट्याचा राग आला. मग तिने वेळा बघितल्या आणि राग कुठल्या कुठे गेला. आठ, दहा, बारा, दोन एवढंच नव्हतं. चार, सहा, आठ, दहा, मध्यरात्र, पहाटेचे दोन, चार, सहा, सगळं होतं. आठ दिवस, दिवसाला बारा, एकही चुकलेलं नाही. माणसं पाच-सात मिनिटं उशिरा भरतात. ही प्रत्येक नोंद बरोबर ठोक्याला आली होती. नोंद कुठल्या स्क्रीनवरून आली तो रकाना सगळीकडे रिकामा होता.

आणि मग तिने आकडे बघितले. पहिले दोन दिवस तीन पूर्णांक दोन, तीन पूर्णांक एक. चौथ्या दिवशी तीन पूर्णांक नऊ. काल चार पूर्णांक सात. आज दहा वाजता पाच पूर्णांक एक. आज बारा वाजता पाच पूर्णांक तीन. मुख्य टेबलात मात्र तेच आठ दिवस, तिन्ही पाळ्या, तीन पूर्णांक दोन, तीन पूर्णांक दोन, तीन पूर्णांक दोन.

तिने सातच्या टाकीवर फोन लावला. धाकट्यानेच उचलला.

"तू अजून बाबांचा नंबर टाकतोयस का?"

"कसा टाकणार? तू बंद केलास ना. तेव्हापासून मी हातही लावलेला नाही."

"बारा वाजता वर जाऊन काटा बघितलास?"

पलीकडे खुर्ची कुरकुरली.

"अरे बोल ना!"

"नाही गेलो, ताई. सोमवारपासून गेलोच नाहीये."

ती कधी पळत नसे. त्या दिवशी ऑफिसपासून टाकीपर्यंत पळाली, आणि रस्त्यात दोन माणसांनी "मॅडम, काय झालं?" विचारलं त्यांनाही उत्तर दिलं नाही. पाच वर्षं ती या जिन्यांचे आकडे मांडत होती, जिने मात्र ती कधी चढली नव्हती. दुसऱ्या जिन्यावर धाकट्याने तिचा हात धरला आणि एका पायरीवर पाय न ठेवता पुढे गेला. तिनेही ती पायरी ओलांडली. बोळात इतकं गरम होतं की श्वास घ्यायला तोंड उघडावं लागत होतं. मीटरची काच तेलकट झाली होती. काटा तीन पूर्णांक दोनवर होता.

"बघ!" धाकट्याने सुस्कारा सोडला. "जीव काढलास माझा." आणि सुटल्याच्या आनंदात त्याने काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं.

काटा थरथरला आणि एकदम उडी मारून साडेपाचच्या पुढे जाऊन उभा राहिला. राळेच्या वाफेने तो आत चिकटून बसला होता.

पुढची वीस मिनिटं तिला नीट आठवत नाहीत. धाकटा ओरडत खाली धावला, कुणीतरी भोंगा दाबला, टाकीखालची आच बंद झाली, वाफ सोडायची हाताची झडप दोघांनी मिळून फिरवली, आणि सगळ्यांना बाहेर मैदानात काढलं. दाब आपोआप सोडणारी झडपही राळेने गच्च भरली होती, असं नंतर कळलं. म्हणजे सहाला झाकण उडालंच असतं, आणि सहा गाठायला दोन तास पुरले असते. त्या वेळी खुर्चीत धाकटा असता. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. "वेळेवर बघितलंस, शाब्बास!" धाकटा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

दोन वाजता सातच्या आसपास दोरी बांधलेली होती आणि तिथे चिटपाखरूही नव्हतं. ती एकटीच ऑफिसात होती. दोनच्या ठोक्याला उकिरड्यात एक ओळ आली. तीन पूर्णांक शून्य. चारशे सतरा.

ती खुर्चीत मागे रेलली आणि तिच्या लक्षात आलं की ही ओळ आजची नाही, आठ दिवसांचीही नाही. नंबर चालू होता तेव्हाही ती येतच असणार, ठोक्याला, मुख्य टेबलात. मग पाच-सात मिनिटांनी कुणीतरी खुर्चीतून तीन पूर्णांक दोन भरत असणार, आणि तिच्याच नियमाने आधीची नोंद पुसली जात असणार. चौदा महिने बाबा दोन जिने चढून खरा आकडा आणत होते आणि ती तो पुसत होती. एवढं रडू तिला ते गेले तेव्हाही आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने धाकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आपल्या बाबांची मेल्यावरही गेली नाही." दोघंही हसली, आणि आईने आतून "काय झालं रे?" विचारल्यावर दोघंही एकदम "काही नाही" म्हणाली.

पण रात्रभर एकच प्रश्न तिला टोचत होता. दर वर्षी माणसं जातात, नोकऱ्या सोडतात, नंबर बंद होतात. त्यांच्या नोंदी येत नाहीत. मग बाबांच्याच का?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, तेही तिच्याच हातचं. पाळ्यांचं एक वेगळं टेबल होतं, नंबर, पाळी कधी सुरू झाली, कधी संपली, चार्ज कुणी घेतला. कारखान्याचा जुना दंडक असा की पुढचा माणूस येऊन तोंडाने "चार्ज घेतला" म्हणत नाही आणि स्वतःचा नंबर भरत नाही, तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही, मग आभाळ का कोसळेना. या टेबलावरून महिन्याचे तास काढताना अर्धवट ओळींनी बेरीज बिघडायची, म्हणून पाच वर्षांपूर्वी तिने क्वेरीत एक अट घातली होती. ज्या पाळीला शेवट नाही, ती घ्यायची नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? तिने अट काढली आणि क्वेरी चालवली.

चारशे सतरा. सुरुवात चौदा महिन्यांपूर्वी, सकाळी सहा सत्तावन्न. शेवट रिकामा. चार्ज कुणी घेतला, रिकामा. तास दहा हजार दोनशे दोन, आणि मोजणी चालूच.

त्या दुपारी बाबांना उचलून नेलं, धावपळ झाली, आणि तीनला आलेल्या माणसाने घाबरून आपली नवी पाळी उघडली. चार्ज घ्यायचा तर कुणाकडून? समोर कुणी नव्हतंच. कुणी मोकळं केलं नाही, म्हणून बाबा कामावरच राहिले. त्यांच्या स्वभावात दुसरं बसतच नव्हतं.

तिने स्वतःच शेवटची वेळ भरून ओळ बंद केली. बारा वाजता उकिरड्यात ओळ आली, आणि पाळीच्या टेबलात शेवटाचा रकाना पुन्हा रिकामा झालेला दिसला. मग तिने चार्ज घेणारा म्हणून आपला नंबर घातला. ऑफिसचा नंबर टेबल घेईना; तिने नियम बाजूला सारून जबरदस्तीने घातला. दोन वाजता पुन्हा ओळ आली आणि तिचा नंबर नाहीसा झाला. टाकीवर न चढणाऱ्याला बाबांनी चार्ज दिला नसताच. तीस वर्षं त्यांनी तो कुणालाही असातसा दिला नव्हता.

सातची टाकी रात्रीतून साफ करून पुन्हा चालू केली होती. तीन वाजता तिथली पाळी संपल्यावर धाकटा तिच्याकडे आला. स्क्रीनवरची ओळ त्याने दोनदा वाचली.

"दमले असतील गं ते," तो म्हणाला. "घाल माझा नंबर."

"नको."

"का नको? मी टाकीवरचाच आहे. मुलगा आहे. माझ्याकडे देतील."

"का ते मला माहीत नाही, पण नको." तिला माहीत होतं. त्या ओळीने एक माणूस धरून ठेवला होता आणि दुसऱ्याचा नंबर तिला तिथे दिसायला नको होता. कालच तो वाचला होता.

"मग कुणाचा घालतेस? शेजारच्याचा? आणि नाही घातला तर? ते चढतच राहणार, ताई. आज, उद्या, तू निवृत्त झाल्यावरही. काल त्यांनी मला वाचवलं आणि मी त्यांना असं जिन्यावर सोडून घरी चहा प्यायला जाऊ?"

पावणेचार वाजून गेले होते. धाकट्याने तिच्या हातांवरून वाकून कीबोर्ड ओढला आणि पाच, आठ, तीन दाबलं. मग उभा राहिला, गणवेश नीट केला, आणि रिकाम्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "बाबा, चार्ज घेतला. तुम्ही निघा." तीन वाजून बावन्न मिनिटांनी ओळ बंद झाली.

चार वाजले. उकिरडा रिकामा. चार वाजून एक, चार वाजून दोन. उकिरडा रिकामाच. पाळीची ओळही बंदच राहिली. ती उठून धाकट्याच्या गळ्यात पडली, आणि तो "अगं, पुरे, कुणी बघेल" म्हणत स्वतःच डोळे पुसू लागला. तिला मनापासून हलकं वाटलं. बाबा घरी गेले होते.

तिने त्याला मशिनचा चहा आणून दिला. तो समोरच्या खुर्चीत बसला, बूट सैल केले आणि दोन्ही हातांत कप धरून फुंकर मारू लागला. सवयीने तिने मुख्य टेबलही एकदा बघितलं. चारच्या रीडिंगची नोंद आलेली होती. तीन पूर्णांक चार. वेळ बरोबर चार. नंबर पाचशे त्र्याऐंशी. स्क्रीनचा रकाना रिकामा.

चार वाजता तो इथे, या खोलीत, तिच्या मिठीच्या अंतरावर उभा होता.

ती बघत असतानाच चार वाजून सहा मिनिटांनी ती ओळ पुसली गेली आणि तिच्या जागी तीन पूर्णांक दोन आलं. दुसऱ्या पाळीच्या माणसाने खुर्चीतून भरलेलं. एवढं सगळं कालच घडलं होतं तरी.

"काय गं? आली का परत?" धाकट्याने विचारलं.

"नाही. बाबांची नाही आली."

"मग चेहरा का असा?" त्याने एका हाताने पोटरी दाबली. "माझे पाय बघ कसे भरून आलेत. बसूनच आहे तरी."

"कालची धावपळ. घरी जा आणि झोप जरा. आई वाट बघत असेल."

तो गेला. खालच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती खिडकीतून त्याला बघत राहिली. मग तिने दार लावलं आणि पाळ्यांचं टेबल उघडलं. चारशे सतराच्या ओळीखाली एक नवी ओळ होती, जी कुणी भरली नव्हती. पाचशे त्र्याऐंशी. सुरुवात आज, पंधरा बावन्न. शेवट रिकामा. चार्ज कुणी घेतला, रिकामा.

आता काय करायला हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं. टाकीवर चढणाऱ्या माणसाचा नंबर लागणार होता. ऑफिसचा चालत नाही, मेलेल्याचा चालत नाही. तिने चालू नंबरांची यादी काढली. दोनशे अकरा होते. पहिल्याला जुळ्या मुली होत्या, मागच्या महिन्यात त्याने सगळ्या ऑफिसला फोटो दाखवले होते. दुसरा बाबांचा दोस्त, त्यांना उचलणाऱ्यांत तोच पुढे होता. तिसऱ्याचं लग्न ठरलं होतं. ती एकेक नंबर खाली सरकवत गेली आणि प्रत्येकापाशी कुणाचं ना कुणाचं तोंड आठवत गेलं. पावणेसहा वाजले तेव्हा घरून धाकट्याचा फोन आला. त्याला झोप लागत नव्हती आणि उगाच धाप लागत होती, असं तो हसत हसत सांगत होता.

सहाला पाच मिनिटं कमी असताना ती यादीच्या शेवटी पोचली. तिथे नुकताच लागलेला एक नंबर होता. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या घरी कोण कोण असतं तेही तिला माहीत नव्हतं, आणि ते शोधायचं नाही असं तिने ठरवलं. रिकाम्या रकान्यात तिने तो नंबर भरला. मग दाराची कडी पुन्हा एकदा तपासली, आणि त्या माणसाच्या वतीने, हळू आवाजात, "चार्ज घेतला" म्हणाली.